एक जुलैचा माणूस

एक जुलैला तुम्ही कधीतरी एखादं रोप लावलंच असेल. एनएसएसचा टी-शर्ट, वरून रिमझिम, आदल्या दिवशी कुणीतरी खणून ठेवलेले खड्डे. सरांनी माती लोटली, प्राचार्यांनी झारीनं पाणी घातलं, ग्रुप फोटो झाला आणि सगळे चहाला गेले. पुढच्या उन्हाळ्यात त्या खड्ड्यापाशी गेलात तर काय दिसतं, हे वेगळं सांगायला नको. कित्येकदा पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवं रोप लागतं.

पण त्यासाठी एक जुलैच का? पाऊस सुरू झालेला असतो, हे एक कारण. दुसरं असं की हा दिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळतात, कारण 1 जुलै 1913 हा वसंतराव नाईकांचा जन्मदिवस. आणि वाशिमकरांसाठी तिसरंही कारण आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा जन्माला आला. म्हणजे जिल्ह्याचा आणि त्यांचा वाढदिवस एकच.

हा योगायोग झाला. पण वसंतरावांचं वाशिमशी असलेलं नातं तारखेपुरतं नाही. ते लहानपणी ज्या गावांत शिकले त्यातली काही आज वाशिम जिल्ह्यात आहेत, आणि ते वारले तेव्हा वाशिमचे खासदार होते. चौकातल्या पुतळ्यावरून आपण त्यांना मुख्यमंत्री म्हणून ओळखतो. खड्ड्यातलं रोप जगवायचं असेल, तर त्यांच्या आयुष्यातलं एक वर्ष नीट समजून घ्यायला हवं. त्याआधी थोडं मागे जाऊ.

तांड्यातला पोरगा

यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यात, वाशिमच्या मानोरा तालुक्याला लागून, गहुली हे गाव आहे. मुळात हा बंजाऱ्यांचा तांडा. बंजारा समाज पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरायचा. रेल्वे आली आणि हा धंदा बसला. त्यात इंग्रजांनी 1871 मध्ये अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा केला. बंजारेही त्याच्या कचाट्यातून सुटले नाहीत. बैल विकून कुठेतरी स्थिरावणं आणि जंगलाच्या कडेची जमीन कसणं, एवढाच रस्ता उरला. गहुली अशीच वसली. नाईक हे खरं तर तांड्याच्या प्रमुखाचं पद, घराण्याचं आडनाव राठोड. वडील फुलसिंग यांच्याकडे तांड्याचं नाईकपण होतं.

वसंताचं प्राथमिक शिक्षण एका गावात झालं नाही. आज या गावात, पुढच्या वर्षी त्या गावात, असं ते चाललं. पोहरादेवी, उमरी, विठोली ही त्यातली गावं आज मानोरा तालुक्यात येतात. पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी, संत सेवालाल महाराजांची समाधी असलेलं ठिकाण. घरात गोरबोली, शाळेत मराठी. तिथून पुढे अमरावती आणि मग नागपूर. मॉरिस कॉलेजातून 1938 मध्ये बीए, 1940 मध्ये वकिलीची पदवी. त्या काळात तांड्यावरच्या मुलानं इतकं शिकणं ही आसपासच्या दहा गावांत सांगण्यासारखी गोष्ट होती.

नागपुरात त्यांची ओळख वत्सला घाटे यांच्याशी झाली. त्या ब्राह्मण कुटुंबातल्या. 1941 मध्ये दोघांनी लग्न केलं आणि दोन्हीकडचा विरोध पत्करला. आजही असं लग्न ठरलं की घरात काय वातावरण होतं, ते तुम्हाला माहीत आहे. ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी एका तांड्यावरच्या वकिलानं ते करून दाखवलं आणि वत्सलाबाईंनी पुढे त्याच तांड्याला आपलं मानलं.

वकिलीची सुरुवात अमरावतीत झाली, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली. मग पुसदला स्वतःचं काम. दारात येणारी पक्षकार मंडळी म्हणजे बहुतेक सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून बसलेले शेतकरी आणि तांड्यावरचे मजूर. कर्ज कसं चढतं, जमीन हातातून कशी निसटते आणि एक पाऊस चुकला की घर कसं उठतं, हे या तरुण वकिलानं केसच्या फायलींत रोज वाचलं.

पुसद ते मुंबई

1946 मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. 1952 मध्ये आमदार. तेव्हा विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता. तिथे ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि वसंतराव मुंबईला गेले. आधी सहकार, मग शेती, आणि महाराष्ट्र झाल्यावर महसूल, अशी खाती त्यांच्याकडे आली.

याच काळात त्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली. गावचा कारभार गावाकडे कसा द्यायचा, हा तिच्यापुढचा प्रश्न. 1961 मध्ये समितीनं अहवाल दिला, कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. आज तुमच्या गावातली शाळा, दवाखाना, पाझर तलाव यांच्या पाट्यांवर जी जिल्हा परिषद दिसते, ती तिथून आली.

5 डिसेंबर 1963 ला ते मुख्यमंत्री झाले आणि 20 फेब्रुवारी 1975 पर्यंत राहिले. सलग अकरा वर्षांहून जास्त. महाराष्ट्रात इतका काळ दुसरं कुणी त्या खुर्चीत बसलेलं नाही. हातात पाइप, बोलणं मवाळ, आवाज चढवायची सवय नाही. मुख्यमंत्री होण्याआधीपासून ते मलबार हिलवरच्या ज्या बंगल्यात राहत, त्याला त्यांनी वर्षा असं नाव दिलं होतं. मुख्यमंत्री झाल्यावरही ते तिथेच राहिले, म्हणून तो बंगला मुख्यमंत्र्यांचा झाला. कोरडवाहू मुलखातल्या माणसाला नाव सुचलं तेही पावसाचंच.

गळ्याशी बांधलेली पैज

1965 साल. देशात धान्याची टंचाई, अमेरिकेतून गव्हाची जहाजं आली तर रेशनचं दुकान उघडणार, अशी अवस्था. पुण्यात शनिवारवाड्यावरच्या सभेत वसंतरावांनी जाहीर करून टाकलं की दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला इथेच फाशी द्या. मवाळ माणसाच्या तोंडचं हे वाक्य लोक विसरले नाहीत.

मग कामाचा धडाका लागला. संकरित ज्वारीचं पहिलं वाण 1964 मध्ये आलं होतं, ते गावोगाव नेलं गेलं. विहिरी, पंप, खतं, बांधबंदिस्ती यांच्या मागे सरकारी यंत्रणा लागली. राहुरीला 1968 मध्ये, अकोल्याला 1969 मध्ये, परभणी आणि दापोलीला 1972 मध्ये कृषी विद्यापीठ उभं राहिलं. शेतीचं शिक्षण त्या त्या भागातल्या मातीजवळ असावं, हा त्यामागचा विचार. परभणीच्या विद्यापीठाला पुढे त्यांचंच नाव मिळालं. अकोल्याच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, ते पंजाबराव म्हणजे त्यांचे वकिलीतले गुरू.

संकरित ज्वारीबद्दल सगळे खूश नव्हते. ताटं बुटकी, त्यामुळे कडबा कमी. ऐन काढणीत पाऊस आला तर कणसं काळी पडायची. चवीवरून म्हातारी माणसं नाक मुरडायची. पण कणगीत दाणे जास्त पडत होते, हेही खरं.

आणि मग पाऊस गेला.

बहात्तर

तुमच्या आजोबा-आजींना बहात्तर एवढंच म्हणा, पुढचं ते सांगतील. पाऊस 1970 पासूनच ओढ देत होता, 1972 मध्ये तो जवळपास आलाच नाही. विहिरींनी तळ गाठला. गुरं कवडीमोलानं गेली, नाहीतर दावणीला मेली. रेशनला परदेशी लाल मिलो ज्वारी आली, मुलांना सुकडी वाटली जाऊ लागली. स्वयंपूर्णतेसाठी ज्यानं स्वतःचा गळा पणाला लावला होता, त्याच मुख्यमंत्र्याच्या राज्यात लोक मिलोच्या भाकरी थापत होते. राजकारणात माणूस इथे दोन गोष्टी करतो. आकाशाकडे बोट दाखवतो, नाहीतर अन्नछत्र उघडून हात जोडतो.

वसंतरावांच्या सरकारनं तिसरी गोष्ट केली. फुकट वाटपावर भागवण्याऐवजी काम काढलं. जो येईल त्याला काम, आणि कामाला मजुरी.

ही कल्पना एका रात्रीत सुचलेली नव्हती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती आधीपासून मांडली होती. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, 1965 मध्ये तिचा प्रयोगही झाला होता. खेड्यातल्या गरिबाकडे जमीन नसेल, भांडवल नसेल, पण दोन हात असतात. त्या हातांना काम देणं हे सरकारचं कर्तव्य माना, असं पाग्यांचं म्हणणं. कागदावर ते छान होतं. राज्यभर करायचं म्हणजे तिजोरीला हात घालावा लागणार, आणि तो निर्णय मुख्यमंत्र्याचा. 1972 मध्ये वसंतरावांनी तो घेतला.

दुष्काळी कामं सुरू झाली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणं. मे 1973 मध्ये या कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. 1971 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या साधारण 5 कोटी होती. म्हणजे दर दहा माणसांमागे एक माणूस त्या महिन्यात घमेलं, टिकाव नाहीतर हातोडा घेऊन उन्हात उभा होता. त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. मूल झाडाला टांगलेल्या झोळीत, आई खडीच्या ढिगावर. हालांना सीमा नव्हती. पण पूर्वीच्या दुष्काळांत जशी गावंच्या गावं भुकेनं मेली, तसं इथे झालं नाही. जगभरातले अर्थतज्ज्ञ आजही महाराष्ट्राचा हा दुष्काळ अभ्यासतात, तो यासाठी.

दुष्काळ सरला तरी योजना राहिली. 1975 मध्ये तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. उद्या तुम्हाला नोकरी लागेल, पगाराच्या स्लिपवर वर्षाला 2,500 रुपयांपर्यंतची ही कपात दिसेल आणि चिडचिड होईल. तेव्हा आठवा, मुंबई-पुण्याच्या पगारातून वाशिमच्या मजुराला काम मिळावं म्हणून ती सुरू झाली होती. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागितल्यापासून 15 दिवसांत काम, नाहीतर भत्ता. काम ही दया राहिली नाही, हक्क झाला. 2005 मध्ये संसदेनं देशासाठी असाच कायदा केला, तेव्हा समोर महाराष्ट्राचा नमुना होता.

जे राहून गेलं

पुतळ्याला हार घालणारे हा भाग सांगत नाहीत, म्हणून आपण सांगू. अकरा वर्षं विदर्भाचा माणूस मुख्यमंत्री होता, तरी 1984 मध्ये दांडेकर समितीनं प्रदेशांचा अनुशेष मोजला तेव्हा सिंचनात विदर्भ मागेच निघाला. 1972 मध्ये कापूस एकाधिकार खरेदी आली. शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवायचा तिचा हेतू होता, पण पुढे ती तोट्यात रुतली. नव्या बियाण्यांबरोबर खर्चही वाढला, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या आत्महत्यांचं सावट ज्या जिल्ह्यांवर पडलं त्यात यवतमाळ आणि वाशिम दोन्ही आहेत. दुष्काळी कामांतली पुष्कळशी मजुरी खडी फोडण्यातच गेली. रस्ता झाला, पण शिवारात पाणी थांबलं नाही.

हे शेवटचं नीट समजून घेऊ, कारण आपलं रोप इथेच आहे. नकाशावर वाशिम पाहा. जिल्हा घराच्या आढ्यासारखा आहे. काटेपूर्णा इथल्या डोंगरात उगम पावते आणि उत्तरेला उतरून पूर्णा-तापीमार्गे अरबी समुद्राला जाते. पूस, अडाण, अरुणावती दुसरीकडे उतरतात, पैनगंगेला मिळतात आणि त्यांचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातं. आढ्यावर पाणी थांबत नाही. पाऊस बरा पडतो, पण तो दोन्ही उतारांनी निघून जातो आणि जाताना माती नेतो. माथ्यावर झाड, गवत, समतल चर असतील तरच पाणी जिरतं. ते जिरलं तर खालच्या विहिरीला पाझर फुटतो, विहिरीला पाणी असेल तर रब्बी येते, आणि रब्बी आली तर घरातल्या पोराला ऊसतोडीला नाहीतर पुण्याच्या बांधकामावर जावं लागत नाही. झाड आणि गरिबी यांचा संबंध इतका सरळ आहे.

वसंतरावांच्या पुतण्यानं हे धरलं. सुधाकरराव नाईक, तेही गहुलीचेच, 1991 मध्ये मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी जलसंधारणाचं वेगळं खातं काढलं. 10 मे हा त्यांचा स्मृतिदिन जलसंधारण दिन म्हणून पाळतात. त्याआधी 1990 मध्ये रोजगार हमीला फळबाग जोडली गेली होती. आपल्याच शेतात फळझाडं लावा, खड्ड्याची आणि लागवडीची मजुरी सरकार देईल, अशी ती योजना.

या सगळ्याचं पुढे काय होऊ शकतं, ते नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारानं दाखवलं. 1989 नंतर गावानं ग्रामसभेत ठरवलं, कुऱ्हाड बंद, डोंगरावर मोकाट चराई बंद. श्रमदान केलं, रोजगार हमीतून डोंगरावर चर खणले, झाडं लावली. 1995 मध्ये तिथल्या 180 कुटुंबांपैकी 168 दारिद्र्यरेषेखाली होती. पंधरा वर्षांत ती तीनवर आली. मजुरी सरकारची होती. पण आपली शेळी कुठे चरणार आणि फांदी कुणी तोडायची नाही, हे गावानंच ठरवलं, आणि ते सरकारी आदेशानं झालं नसतं.

शेवटचा मतदारसंघ

मुख्यमंत्रिपद गेल्यावर वसंतराव 1977 मध्ये वाशिममधून लोकसभेला उभे राहिले. देशभर काँग्रेसविरोधी लाट होती, तरी ते निवडून आले. लहानपणी पाटी-दप्तर घेऊन ज्या गावांत शिकले, त्याच मुलखाचे खासदार झाले. 18 ऑगस्ट 1979 रोजी सिंगापूरला गेले असताना तिथेच त्यांचं निधन झालं. रोजगार हमीचा कायदा लागू होऊन जेमतेम सात महिने झाले होते.

आता पुन्हा आपल्या खड्ड्याकडे. ते रोप मरतं ते आपण वाईट असतो म्हणून नाही. फोटो झाल्यावर त्या रोपाशी कुणाच्या पोटाचा संबंध राहत नाही, म्हणून ते मरतं. बहात्तरमध्ये वसंतरावांना जे कळलं ते असं, की गरिबाला दान नको असतं, त्याच्या घामाला दाम हवा असतो. ते झाडालाही लागू आहे. गावातल्या एखाद्या भूमिहीन बाईला तीन वर्षं त्या ओळीला पाणी घालायची आणि गुरं हाकायची मजुरी मिळाली, पुढे सीताफळाचा, आवळ्याचा हिस्सा मिळाला, तर ती त्या रोपाला मरू देणार नाही. त्यासाठी तिला भाषण द्यावं लागणार नाही.

तेव्हा येत्या एक जुलैला फावडं जरूर उचला. फक्त आदल्या आठवड्यात ग्रामपंचायतीत जा आणि तीन गोष्टी विचारा. ही झाडं कुठल्या योजनेतून लागतायत? संगोपनाची मजुरी कुणाच्या नावावर निघणार? पुढच्या मे महिन्यात टँकर कुठून येणार? उत्तरं मिळाली नाहीत तर ग्रामसभेत उभं राहून तेच पुन्हा विचारा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद ही दारं गहुलीच्याच एका माणसाच्या अहवालानं रुंद झालेली आहेत. ती ठोठवायला वशिला लागत नाही.